धुवण

आमच्या घरी चुना दोनच ठिकाणी सापडे. एक आजीच्या पितळी चुनाळ्यात, आणि दुसरा दिवाळीच्या आधी आठ दिवस पडवीतल्या मातीच्या डेऱ्यात, भिंतींना लावण्यासाठी भिजत घातलेला. तो शेतातही घालतात हे मला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. आणि नुसता घालून भागत नाही, हे कळायला आणखी सहा-सात वर्षे जावी लागली. आज सत्तरी ओलांडल्यावर चुन्याचा तो ओला, थंड वास कुठे आला म्हणजे मला भिंती आठवत नाहीत. आमचा खाजणातला आतला कुणगा आठवतो, आणि त्याच्या मेरेवर एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले दोन भाऊ आठवतात. एक माझे वडील, दुसरे माझे काका.

माझा गाव तेरेखोलच्या खाडीवर, अलीकडच्या तीरावर. पलीकडे पेडणे. १९६१ सालापर्यंत पलीकडे पोर्तुगिजांचे राज्य होते. पण भरती-ओहोटीला ते कुणी कळवले नसल्यामुळे दोन्ही तीरांवरची शेती एकाच रीतीने चाले. खाडीकाठची सखल जमीन मातीचा बांध घालून अडवायची आणि त्या बांधाला एक दार ठेवायचे. आम्ही त्या दाराला उघाडी म्हणतो, पलीकडचे लोक मानस म्हणतात. उघाडीच्या फळ्या अशा बसवलेल्या असतात की भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की त्या आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. खाडीचे खारे पाणी बाहेर राहते, पावसाचे गोडे पाणी शेत धुऊन बाहेर जाते. अशा जमिनीला खाजण म्हणतात. तिथे दरवर्षी पहिला पाऊस पिकासाठी नसतोच. तो धुण्यासाठी असतो. दोन-तीन धुवणे झाली, जिभेला पाणी गोडे लागले, की मग लावणी.

आमच्या आजोबांनी खाडीचा एक आत शिरलेला फाटा तोंडाशी बांध घालून अडवला होता. तोंडाजवळचा भाग जुने, अनेक पिढ्या पिकवलेले खाजण. आतला भाग मात्र तिवरांचा. आजोबांनी तिवरे तोडून तिथे पाऊण एकराचा नवा कुणगा काढला. ते गेल्यावर १९६० साली वाटण्या झाल्या. तोंडाजवळचे खाजण उघाडीसकट काकांकडे गेले, आणि आतला नवा कुणगा, वर थोडी भरडी जमीन घालून, आमच्याकडे आला. वाटणी वाईट झाली असे तेव्हा कुणालाच वाटले नाही. आमच्या कुणग्याचे पाणी काकांच्या शेतातल्या पाटाने उघाडीपर्यंत जाई. दोन घरे वेगळी झाली होती, पण पाण्याची वाट एकच राहिली होती.

बाबा गावच्या शाळेत मास्तर होते. मास्तराने केलेल्या शेतीला गावात जेवढे हसतात तेवढेच आमच्या शेतीला हसत. ते शेतीवरची पुस्तके आणि पत्रके वाचत. कुठल्याशा पत्रकात त्यांनी वाचले की शेताला उत्तम निचरा हवा. पाणथळ जमिनीत मुळांना हवा मिळत नाही. पत्रकात काही खोटे नव्हते. फक्त ते खाजणासाठी लिहिलेले नव्हते. १९६४ सालच्या उन्हाळ्यात बाबांनी दोन गडी घेऊन कुणग्याच्या मधोमध छातीइतका खोल चर खणला. खालून निघालेला काळा, लोण्यासारखा मऊ गाळ खत म्हणून साऱ्या शेतावर पसरला. त्या गाळाला कुजक्या अंड्यांचा वास येत होता. आम्ही मुलांनी नाके दाबली. बाबा म्हणाले, वास येतो म्हणजे कस आहे.

पहिल्या वर्षी भात बरे आले. दुसऱ्या वर्षी रोपांची पाने शेंड्याकडून तांब्यासारखी होऊ लागली. तिसऱ्या वर्षी, १९६६ साली, तरवा लावला आणि पंधरवड्यात तो बसला. उपटून पाहिला तर मुळे तोकडी, जाड, तपकिरी. जणू कुणी डाग दिला होता. चराच्या कडांना मातीत हळदीच्या बोटांसारख्या पिवळ्या रेघा दिसू लागल्या. जिथे पूर्वी तिवरांची मुळे होती त्याच वाटांनी त्या गेलेल्या होत्या. डबक्यांवर तांबूस तवंग चढे. तेलाचा तवंग काडीने फोडला तर पुन्हा जुळतो. हा फुटून त्याचे पापुद्रे होत. आणि चरातले पाणी! ते इतके नितळ होते की तळाला टाकलेला पैसा दिसे. आम्ही मुले त्यावर खूश होतो. खाडीकाठच्या गढूळ पाण्यात वाढलेल्या पोरांना असे पाणी म्हणजे नवलच. आजीला मात्र ते आवडले नाही. ती एकदा मेरेवर बसली, ओंजळीत पाणी घेऊन तिने जिभेला लावले आणि थुंकून टाकले.

"चाखून बघ. आंबट लागता," ती मला म्हणाली, आणि मग स्वतःशीच, "ज्या पाण्यात बेडूक नाय, ता पाणी आपल्या काय कामाचा?"

गावाने आपापली कारणे सांगितली. कुणी म्हणाले, तिवरे तोडताना राखणदाराला विचारले नाही. कुणी करणीचे नाव काढले, आणि ते काढताना काकांच्या घराकडे पाहिले. बाबा करणी मानणारे नव्हते. परंतु माणूस हरला म्हणजे जे मानत नाही तेही त्याच्या मनात एखाद्या रात्री येऊन बसते. त्यातच १९६७ सालच्या मृगात आमच्या चराचे पाणी पाटाने काकांच्या शेतात उतरले. उघाडीजवळच्या कोंडीत काकांचे मासे असत. ते एका सकाळी पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसले. काठाचा भातही लाल पडला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी पाटाच्या तोंडाशी चिखलाचा बांध घातला आणि वर दगड ठेवले.

आमच्या पाण्याला जायला वाट उरली नाही. बाबा म्हणाले, "भावान गळो धरल्यान." त्या दिवसापासून दोन्ही घरांत येणे-जाणे बंद झाले. गणपतीला आम्ही आरतीला गेलो नाही. काकू न्हाणीच्या बाजूने येऊन आजीला भेटून जाई, ती उंबरठ्याच्या आत येत नसे.

मी १९६८ साली दापोलीच्या कृषी महाविद्यालयात गेलो तो बहुधा या कुणग्यामुळेच. पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत परत जाताना मी कुणग्याची माती कापडी पिशवीतून नेली. तिथे तिचा सामू मोजला. सामू म्हणजे आंबटपणाची मोजपट्टी. १९०९ साली कोपनहेगनच्या एका बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती मांडली. सात म्हणजे न आंबट न अळणी. सातच्या खाली एकेक अंक उतरला की आंबटपणा दहापट. भाताला साडेपाच-सहा चालतो. आमची माती साडेतीनच्या जवळ आली. म्हणजे साडेपाचहून दोनच अंक कमी. पण शंभरपट आंबट. लिंबाच्या रसाहून सौम्य एवढेच.

मग हळूहळू ग्रंथालयातल्या पुस्तकांतून मला त्या काळ्या गाळाची कुळकथा कळली. समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार असतात. आमच्या जांभ्याच्या डोंगरांवरून पावसाबरोबर लोखंड उतरते. तिवरांची पाने चिखलात कुजतात, तिथे हवा पोचत नाही, आणि त्या अंधारात राहणारे सूक्ष्म जंतू लोखंड आणि गंधक यांची गाठ मारून ठेवतात. पायराइट नावाचा तो पदार्थ पाण्याखाली असेतो कुणाच्या अध्यात ना मध्यात. हजारो वर्षे तो तसा पडून राहील. पण चिखल उपसून उन्हात टाकला, हवा लागली, की ती गाठ सुटते आणि तिच्यातून गंधकाम्ल निघते. गंधकाम्ल म्हणजे तेजाब. ते मातीतले ॲल्युमिनियम विरघळवते, आणि ते ॲल्युमिनियम भाताची मुळे जाळते. तेच पाण्यातला सगळा गढूळपणा तळाशी बसवते. म्हणून ते पाणी नितळ दिसे. डच लोकांनी तळी आणि खाड्या आटवून शेते केली तेव्हा त्यांनाही ही माती भेटली होती. ते तिला मांजरमाती म्हणत.

हे वाचले तेव्हा मी वसतिगृहाच्या ओसरीवर बराच वेळ बसून होतो. आजोबांनी तिवरे तोडली त्याने जमीन बिघडली नव्हती. काकांनी काही केले नव्हते, राखणदार रुसला नव्हता. बाबांनी स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या खर्चाने, अत्यंत कष्टाने आपल्या शेतात तेजाबाचा कारखाना काढला होता. हे त्यांना मी कधी सांगितले नाही. सांगायचे कसे? मी फक्त एवढेच लिहिले की मातीत आम्ल आहे आणि त्यावर चुना हा उपाय आहे.

उपाय खरा होता, पण हिशेब भयंकर होता. मातीच्या वरच्या वीतभर थरात शंभर भागांत एक भाग जरी असे गंधक असले, तरी एकरी नऊ टन गंधक होते. आणि एका टनाच्या आम्लाला मारायला तीन टनांहून अधिक चुनखडी लागते. आमच्या पाऊण एकराला वीस-एकवीस टन! मी हा हिशेब बाबांपुढे ठेवला तेव्हा ते कित्येक महिन्यांनी हसले. "एवढ्या चुन्यात देवळाचो मंडप बांधून होतलो," ते म्हणाले. तरीही १९७० च्या उन्हाळ्यात त्यांनी पगारातून दहा पोती शिंपल्यांचा चुना आणला. खाडीकाठी तेव्हा चुनाभट्ट्या असत; शिंपल्या भाजून, वर पाणी मारून त्यांची पांढरी फकी करीत. ती आम्ही तोंडाला फडकी बांधून कुणग्यात उधळली. शेत भिंतीसारखे पांढरे झाले. जुलैत रोपे हिरवी उभी राहिली आणि बाबा संध्याकाळी मुद्दाम काकांच्या मेरेवरून चालत घरी आले. भाद्रपदात ती पुन्हा तांबडी पडली. चर तसाच होता, खालचा गाळ तसाच हवा खात होता, पाण्याला वाट नव्हती. वरून घातलेला चुना म्हणजे उकळत्या भांड्यावर ठेवलेले झाकण होते. त्या वर्षी बाबांनी कुणग्याकडे जाणे सोडले. तिथे लव्हाळी माजली.

पुढे मला शेतीखात्यात नोकरी लागली, आणि १९७५ सालच्या नोव्हेंबरात एका शिक्षणदौऱ्यात केरळातल्या कुट्टनाडला जायचा योग आला. आळप्पुळच्या बाजूने होडीने आत जावे लागते. तिथे मी पहिल्यांदा पाहिले की शेत खाली आणि नदी वर असू शकते. वेंबनाड तळ्याच्या काठची ती जमीन समुद्रसपाटीहूनही खाली. चोहो बाजूंनी बांध, आणि बांधाच्या माथ्यावर घरे, नारळी, शाळा. पेरणीच्या आधी शेतात तुंबलेले पाणी उपसून बाहेरच्या कालव्यात टाकायचे. त्यासाठी 'पेट्टी आणि पारा' म्हणून लाकडी पेटीचा जुन्या घडणीचा पंप असतो. तो रात्रंदिवस घरघरत होता. तिथल्या एका भागातल्या मातीला 'करी' म्हणतात. करी म्हणजे कोळसा. मी वाकून चिमूटभर माती उचलली आणि माझ्या हाताला ती लगेच ओळखू आली. तोच लोणकट मऊपणा, त्याच हळदीच्या रेघा. सामू तीन-चार. आणि त्या मातीवर ते लोक भात पिकवीत होते!

त्यांची रीत मी वहीत उतरून घेतली. जमीन खोलवर कोरडी होऊ द्यायची नाही. काळा थर नेहमी ओला, पाण्याखाली ठेवायचा. गोडे पाणी आत घ्यायचे, एक-दोन दिवस उभे ठेवायचे, म्हणजे आम्ल त्यात उतरते. मग ते बाहेर काढायचे. असे पुन्हा पुन्हा. त्यानंतर चुना, तोही थोडा. तळ्यातल्या शिंपल्या भाजून केलेली फकी हेक्टरी ६०० किलो. त्यातली ३५० नांगरटीच्या वेळी, आणि पेरणीनंतर महिन्याने, शेत एकदा धुऊन, २५०. मी पेन्सिलीने आमचा हिशेब केला. पाऊण एकराला पावणेदोनशे किलोंच्या आसपास. चार पोती! कुठे वीस टन, आणि कुठे चार पोती. फरक एवढाच की आम्ही झोपलेले आम्लही मारायला निघालो होतो. हे लोक त्याला पाण्याखाली झोपू देत, जागे झालेले धुऊन काढीत, आणि धुऊनही मुळाशी चिकटून राहिलेल्या तेवढ्यासाठी चुना वापरीत.

आणखी एक गोष्ट मी वहीत लिहिली नाही, ती मनात राहिली. तिथे कुणी एकटा आपले शेत धूत नाही. एका बांधाच्या आतल्या साऱ्या शेतांना मिळून 'पाडशेखरम' म्हणतात. सगळ्यांनी एका वेळी पाणी घ्यायचे, एका वेळी काढायचे, खर्च वाटून घ्यायचा. मी दुभाष्यामार्फत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, एखाद्याचे शेजाऱ्याशी पटत नसले तर? प्रश्न त्याला नीट कळेना. दोनदा विचारल्यावर तो हसला आणि त्याने बोटाने पंपाकडे दाखवले. पंप एकच होता.

परत आल्यावर मी बाबांना न सांगता काकांकडे गेलो. नऊ वर्षांनी त्या पडवीत पाय ठेवीत होतो. काकूने पाट मांडला, पाणी दिले आणि ती आत जाऊन उभी राहिली. तिची बांगडी दाराआड वाजत होती. काका सुपारी कातरीत होते. मी वही उघडून कुट्टनाड सांगितले, धुणे सांगितले, चार पोत्यांचा हिशेब सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग अडकित्ता खाली ठेवला.

"धुतलंस, बरा केलंस. पण धुवण टाकतलंस खंय?"

मी गप्प झालो. साऱ्या शिक्षणात मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पुस्तकात लिहिलेले असते: अनावश्यक पाणी बाहेर सोडावे. त्या 'बाहेर'ला कुणाचे तरी शेत असते, कुणाचे तरी मासे असतात, हे पुस्तकात नसते. नऊ वर्षांपूर्वी काकांनी चिखलाचा बांध घातला तो भावाचा गळा धरायला नव्हता. त्यांना आपला भात वाचवायचा होता. हे मला ओसरीवर बसून कळलेल्या साऱ्या रसायनशास्त्राहून उशिरा कळले.

काका मात्र थांबले नाहीत. "पावसाचा पाणी पुरा पडूचा नाय. आधी खारा पाणी घेवक होया," ते म्हणाले. मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. खाजणातला माणूस जन्मभर ज्या खाऱ्या पाण्याशी झगडतो ते आपल्या हाताने आत घ्यायचे? "तुझो आजो दर पाच-सा वर्सांनी एकदा वैशाखात उधाणाचा पाणी आत घेय. माशे गावत, आणि जमीन सुधारा. तुझ्या बापाशीन ता बंद केल्यान. पुस्तकात नाय म्हणान."

मी घरी येऊन रात्रभर विचार केला, आणि विचार केला तसतसा म्हाताऱ्याचा शब्द खरा ठरत गेला. समुद्राचे पाणी आंबटाच्या उलट अंगाचे असते. त्याचा सामू आठच्या थोडा वर. त्यात विरघळलेला चुन्याचा अंश असतो. त्यातले क्षार मातीला चिकटलेल्या ॲल्युमिनियमला ढकलून मोकळे करतात, आणि ओहोटीबरोबर ते निघून जाते. मागे राहते ते मीठ, आणि मीठ धुणे हा आमच्या पावसाचा नित्याचा धंदा आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास तो पडतो. आजोबांना यातले काही ठाऊक नव्हते आणि त्यांना ते सगळे येत होते.

अडचण एकच: खाऱ्या पाण्याला आमच्या कुणग्यात यायला काकांच्या शेतातूनच यावे लागे. म्हणजे आपल्या चांगल्या, गोड्या, पिकत्या खाजणात मीठ घ्यायची तयारी काकांनी दाखवली होती, आणि ती त्यांनी अशा आवाजात दाखवली होती की जणू तो माझ्यावर राग आहे.

१९७६ च्या वैशाखात, अमावास्येच्या उधाणाला, उघाडीच्या फळ्या दोरांनी वर बांधल्या. पाटाचे दगड काकांनी स्वतः काढले. पाणी पाटातून सळसळत वर चढले आणि लव्हाळ्यांत शिरले. ओहोटीला ते परत गेले. दुसऱ्या भरतीला पुन्हा आले. असे आठ दिवस चालले. तोवर मी आणि गड्यांनी तो छातीइतका चर बुजवून गुडघ्याएवढा उथळ केला, आणि काकांच्या कडेकडेने एक वेगळा पाट काढला, म्हणजे आमचे धुवण त्यांच्या भातात न पसरता थेट उघाडीवर जावे. बाबा लांबून, रस्त्यावरून पाहत. खाली येत नसत.

मृगाचा पाऊस लागल्यावर खरे काम सुरू झाले. कुणगा भरू द्यायचा, दोन दिवस पाणी उभे ठेवायचे, आणि ओहोटी लागली की सोडायचे. ओहोटी दिवसा असो की रात्री. तिसऱ्या धुवणाची ओहोटी मध्यरात्रीनंतर होती. मी कंदील घेऊन निघालो तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. बाबा होते, डोक्यावर इरले घेतलेले. आम्ही न बोलता उघाडीवर पोचलो. काका आधीच येऊन बांधावर बसले होते. फळ्यांना कचरा अडकू नये म्हणून त्यांच्या हातात लांब काठी होती. बाबा चार हात अंतर ठेवून बसले. खाली पाण्याचा आवाज बदलला, फळ्या करकरल्या आणि उघडल्या, आणि आमचे तांबडे पाणी कंदिलाच्या उजेडात खाडीत उतरू लागले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. काकांनी कनवटीची तंबाखू काढून तळहातावर घेतली, अंगठ्याने चाचपली, आणि काळोखाकडे पाहत विचारले, "चुनो असा काय?"

बाबांनी डबी काढली. ती आजीची, आजी त्याच्या दोन वर्षे आधी गेली होती. काकांनी ती हातात घेतली, जरा वेळ तशीच धरली, नखाने चुना काढला आणि डबी परत दिली. बोलणे एवढेच झाले. नऊ वर्षांचा हिशेब त्या रात्री कुणी मांडला नाही, पुढेही कधी मांडला नाही.

त्या वर्षी चार पोती चुना घातला आणि खारे पाणी सोसणारा रत्ता भात लावला. पीक कसेबसे चार आणे आले. दुसऱ्या वर्षी आठ आणे. तिसऱ्या वर्षी मेरेवर बेडूक ओरडू लागले आणि चरातले पाणी गढूळ झाले. ते गढूळ पाणी पाहून बाबांनी मला मुंबईच्या पत्त्यावर कार्ड पाठवले होते. त्यांनी चर खणला त्याची चूक त्यांना कळली होती की नाही, हे मला अखेरपर्यंत समजले नाही. कार्डात फक्त इतके होते की काळा गाळ पाण्याखाली आहे, काळजी नसावी.

आता दोघेही नाहीत. मनुष्यबळ नाही, म्हणून बांधाची डागडुजी थांबली, आणि बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका पावसात तो फुटला. खाडी आत आली. आजोबांनी तोडलेली तिवरे पुन्हा उभी आहेत, त्यांच्या मुळांत खेकडे आहेत. कुट्टनाडच्या त्या समुद्राखालच्या शेतीला २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक वारसा म्हणून मान दिला, हे वाचले तेव्हा मला पंपाकडे बोट दाखवणारा तो म्हातारा आठवला. आमच्या उघाडीला असला मान कोण देणार? तिचे दोन चिरे तेवढे ओहोटीला दिसतात.

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाचा फोन आला. वरच्या बाजूचा थोडा तुकडा अजून बांधाच्या आत आहे, तिवरे नाहीत, पडीक आहे. तिथे खोल तळे खणून, पाणी उपसून कोळंबी पाळावी असे त्याला कुणी सुचवले आहे. गाळ काठावर टाकला की काठही भक्कम होतील. "तू मातीतला माणूस, तू सांग," तो म्हणाला. मी त्याला पायराइट सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो. त्याला म्हटले, आधी एका कोपऱ्यात हातभर खड्डा कर, गाळ महिनाभर उन्हात टाक, वर पाणी ओत, आणि ते बोटाने जिभेला लावून बघ.

"आणि आंबट लागला तर?" त्याने विचारले. "चुनो घालूया मा?"

मी म्हटले, घाल. पण तुझ्या बापाने मला विचारले होते ते मी तुला विचारतो. धुवण टाकतलंस खंय?

तो बराच वेळ बोलला नाही. फोनवर मागे पाऊस ऐकू येत होता.